आफ्रिकन ग्रे आणताय? आधी किचन, मग कागद, मग पिंजरा, पक्षी सगळ्यात शेवटी

ऐरोलीत आमच्या घरी सात वर्षांपासून आफ्रिकन ग्रे (राखाडी रंगाचा, बोलणारा विदेशी पोपट) आहे, बंड्या. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले असे फोन येत असतात आणि जवळपास प्रत्येक फोनची सुरुवात सारखीच, "ताई, पक्षी आणलाय, आता काय करू?" इथेच गाडी चुकलेली असते. पक्षी हॉलमध्ये येऊन बसलाय, पिंजरा दुकानदाराने दिलेला छोटासा, किचनमध्ये नॉनस्टिक तवा चालू, डॉक्टर कोण ते माहीत नाही आणि पावती तर मागितलीच नाही. मग एकेक गोष्ट धावतपळत दुरुस्त करायची, त्यात पक्षी बिथरतो आणि चावायला लागतो. म्हणून खालचा क्रम जसा दिलाय तसाच करा, मधली पायरी गाळू नका.

## पायरी १: घरच्यांना एकत्र बसवून हिशोब

पाच मिनिटांचं काम आहे पण हेच कोणी करत नाही. नीट सांभाळलेला ग्रे ४० वर्षं आरामात जगतो, काही ६० पर्यंत जातात. म्हणजे तुम्ही आज चाळिशीत असाल तर तुमच्यानंतर तो कोणाकडे जाणार हे आत्ताच ठरवायचं, नाव घेऊन, आणि त्या माणसाला विचारून. रोज पिंजऱ्याबाहेर किमान तीन-चार तास आणि तेही माणसांच्या सोबतीत लागतात. नवराबायको दोघं सकाळी ट्रेन पकडून रात्री आठला घरी, दिवसभर घर बंद, असं असेल तर मी स्पष्ट सांगते, ग्रे घेऊ नका. एकटा पडलेला ग्रे स्वतःची पिसं उपटतो, आणि एकदा ती सवय लागली की सुटता सुटत नाही.

अजून एक. ग्रेच्या अंगावरून पांढरी पावडर पडते, भरपूर, टीव्हीवर दोन दिवसात थर बसतो. घरात कोणाला दमा असेल तर आधी ग्रे असलेल्या घरी जाऊन तासभर बसून या.

## पायरी २: किचन आणि हवा (बरेच पक्षी इथेच मरतात)

पक्षी आणायच्या निदान पंधरा दिवस आधी हे संपवा, कारण घरच्यांच्या सवयी बदलायला तेवढा वेळ लागतोच.

नॉनस्टिकचं कोटिंग जास्त तापलं की त्यातून वायू निघतो. माणसाला कळत पण नाही, पक्ष्याची फुफ्फुसं मात्र काही मिनिटात निकामी होतात. साधारण २६० अंशांच्या पुढे कोटिंग बिघडायला लागतं आणि मोठ्या गॅसवर विसरलेला रिकामा तवा तिथे पटकन पोचतो. "पिंजरा तर हॉलमध्ये आहे" हे चालत नाही, आपल्या वनबीएचकेमध्ये किचन आणि हॉल म्हणजे एकच हवा. तेव्हा तवा बीडाचा, कढई लोखंडी किंवा स्टीलची. सँडविच मेकर, एअर फ्रायर, इस्त्री यांच्यातही बऱ्याचदा तेच कोटिंग असतं ते तपासा. आमचा एअर फ्रायर घ्यायला माझी जाऊबाई तयारच नव्हती, शेवटी मीच तो नेऊन तिच्या घरी ठेवला.

मग देवघर. अगरबत्ती, धूप, कापूर हे तिन्ही पक्ष्याच्या खोलीत बंद. आमच्या सासूबाईंना हे सांगायला मला आठवडा लागला. शेवटी तोडगा असा निघाला की रोज तुपाचं निरांजन आणि फुलं, आणि सणावाराला धूप लावायचाच असेल तर आतल्या खोलीत दार लावून, खिडकी उघडी ठेवून. डासांची कॉइल नको, लिक्विडवालं मशीन पण नको. खाडीच्या बाजूला डास किती असतात ते मला सांगू नका, मी तिथेच राहते, खिडक्यांना बारीक जाळी मारा आणि बॅट घ्या. रूम फ्रेशनर, डिओ, कपाटातल्या डांबर गोळ्या, उग्र फिनाईल हे सगळं पक्ष्यापासून लांब.

थांबा: पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम करायचं असेल तर ते पक्षी यायच्या आधी उरकून घ्या. नंतर करायची वेळ आली तर पक्षी दुसऱ्या घरी हलवायचा आणि वास पूर्ण गेल्यावरच परत आणायचा, "एका खोलीत बंद ठेवू" हा उपाय नाही.

## पायरी ३: कागद

पहिली गोष्ट, आपला हिरवा पोपट. कीर पोपट, पहाडी पोपट, तोइया, कुठलाही देशी पोपट घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. बाजारात मिळतो, शेजाऱ्याकडे आहे, आजोबांकडे होता, याने काही फरक पडत नाही. "स्वस्तात पहाडी देतो" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

ग्रे विदेशी आहे म्हणून मोकळं रान असंही नाही. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात तो २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. आपल्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि अशा विदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची ४ आली. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम आले. ज्यांच्याकडे आधीपासून पक्षी होते त्यांना सहा महिने दिले होते, आम्ही त्यातच बंड्याची नोंद केली. आता नवीन पक्षी घेतला की ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची वेबसाइट) नोंदणीचा अर्ज करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पुढे पक्षी कोणाला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो गेला तर तेही कळवायचं असतं.

पक्षी विकणाऱ्याकडून मागायच्या गोष्टी: त्याचं ब्रीडिंगचं लायसन्स (पहिल्या परिशिष्टातल्या पक्ष्यांची पैदास करायला ते लागतं), रिंग नंबर (पक्ष्याच्या पायातल्या कड्यावरचा नंबर) लिहिलेली पावती, पिल्लाची जन्मतारीख. रिंग बंद असली पाहिजे, जोड नसलेली. ती पिल्लू अगदी लहान असतानाच पायात जाते, मोठ्या पक्ष्याला घालताच येत नाही, म्हणून ती जंगलातून पकडलेला नाही, माणसाकडेच जन्मलाय याची खूण. जोड दिसणारी रिंग कधीही चढवता येते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

चेक: "पेपर नंतर व्हॉट्सॲप करतो" असं उत्तर आलं का? मग पैसे पण नंतर.

## पायरी ४: पिंजरा आणि त्याची जागा

कमीत कमी माप ३६ इंच रुंद, २४ इंच खोल, ४८ इंच उंच. याहून मोठा चालेल, लहान नाही. गजांमधलं अंतर पाऊण ते एक इंच, त्यापेक्षा जास्त असेल तर डोकं अडकतं. गोल पिंजरा नको.

इथली कॉमन चूक सांगते. ग्रिलवाल्याकडून करून घेतलेला पिंजरा. स्वस्त पडतो, बाल्कनीला बसतो पण छान, पण त्याला असते ती जीआयची जाळी, तिच्यावर जस्ताचा थर असतो, ग्रे दिवसभर चोचीने ती चावत बसतो आणि ते जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. स्टेनलेस स्टील सगळ्यात चांगलं, नाहीतर चांगल्या पावडर कोटिंगचा घ्या. जुना पिंजरा आणून घरी ऑइलपेंट मारणं तर अजिबात नको.

बसायला एकसारख्या गुळगुळीत दांड्या मिळतात त्या काढा. पेरूच्या फांद्या आणा, जाड-बारीक वेगवेगळ्या, घासून धुवून उन्हात वाळवून लावा. पाय चांगले राहतात आणि साल सोलण्यात त्याचा दिवस जातो. कण्हेर विषारी, ती फांदी चुकूनही नको. खाली रद्दी पेपर, रोज बदलायचा.

जागा: हॉलचा कोपरा, दोन बाजूंना भिंत, पक्षी आपल्या छातीच्या उंचीवर. एसीचा झोत अंगावर नको. कायमचं बाल्कनीत ठेवायचं नाही, कबुतरं वर येऊन बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून आजार येतात, शिवाय कावळे आणि घारी. आणि झोप १० ते १२ तास लागते, आपल्या घरात टीव्ही बारापर्यंत चालतो, म्हणून आम्ही आतल्या खोलीत एक छोटा झोपायचा पिंजरा ठेवलाय, साडेआठला बंड्या स्वतःच "चला झोपू" म्हणतो.

## पायरी ५: डॉक्टर आधी शोधा

कुत्र्यामांजरांचे डॉक्टर ठाण्यात, नवी मुंबईत गल्लोगल्ली आहेत, त्यातले बरेचजण पक्षी बघत नाहीत किंवा बघतात पण अंदाजाने. फोन करून दोन प्रश्न विचारा, पक्ष्याचं रक्त काढता का, आणि ग्रे नेहमी येतात का. उत्तर अडखळत आलं तर पुढचा नंबर लावा. परळला व्हेटर्नरी कॉलेज आणि बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, पण ट्रॅफिकमध्ये तिथे पोचायला लागणारा वेळ धरून जवळचा एक आणि लांबचा एक असे दोन नंबर लिहून फ्रिजवर लावा. आमचं एकदा असं झालं की रविवारी रात्री बंड्या पिसं फुगवून बसला, जवळच्या एका क्लिनिकने फोनवरच "सर्दी असेल, हळद द्या" सांगितलं, मी ऐकलं नाही, सकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर छातीत इन्फेक्शन निघालं.

## पायरी ६: पिल्लू निवडणं

"लहानपणापासून हाताने भरवलं की माया लागते" असं सांगून पाच-सहा आठवड्यांचं, अजून स्वतः न खाणारं पिल्लू गळ्यात मारतात, सोबत फॉर्म्युलाचा डबा आणि सिरिंज. घेऊ नका. फॉर्म्युला दोन-तीन अंश जास्त गरम झाला तर आतून गळ्याची पिशवी भाजते, गार झाला तर तिथेच आंबतो, सिरिंजचा कोन चुकला तर फुफ्फुसात जातो आणि खेळ संपला. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, यूट्यूब बघून करायचं नाही. माया नंतरही लागते, आमचा बंड्या पाच महिन्यांचा असताना आला.

ग्रे साधारण तीन ते चार महिन्यांचा झाला की स्वतः खायला लागतो. तुमच्या समोर त्याला खाताना बघा, एकदा नाही, दोन वेगवेगळ्या दिवशी. डोळे बघा, पिल्लाचे काळपट राखाडी असतात आणि वर्ष-दीड वर्षात पिवळसर होत जातात, त्यामुळे पिवळ्या डोळ्यांचं "चार महिन्यांचं पिल्लू" कोणी दाखवलं तर हसून निघा. नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं स्वच्छ, श्वास घेताना शेपूट वरखाली होत नसावी.

नर की मादी हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, पिसाची किंवा रक्ताची डीएनए टेस्टच लागते. आम्ही टेस्ट करेपर्यंत नाव ठेवून झालं होतं. बंड्या मादी आहे. नाव तेच राहिलं.

चेक: पीबीएफडी नावाचा चोचीपिसांचा व्हायरस असतो, औषध नाही, ग्रेच्या पिल्लांना पटकन मारतो. त्याची टेस्ट निगेटिव्ह आल्यावरच व्यवहार पक्का करा. घरात आधीपासून लव्हबर्ड वगैरे असतील तर नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत.

## पायरी ७: पहिला आठवडा

सकाळी लवकर आणा, दुपारच्या उन्हात नाही. कॅरियरमध्ये खाली टॉवेल, पाण्याच्या वाटीऐवजी सफरचंदाची फोड (बी काढून), वरून अर्धं झाकण.

१. पहिले तीन दिवस वजन आणि डॉक्टर सोडून काही करायचं नाही. खाणंपाणी ठेवा, पेपर बदला, हळू आवाजात बोला. सोसायटीतल्या मुलांची लाईन लावू नका.

२. ब्रीडरकडे जे खात होता तेच द्या, चांगलं असो की वाईट. बदल नंतर.

३. पहिल्याच दिवशी ग्रॅममध्ये मोजणारा किचनचा काटा काढा. त्यावर एक छोटी दांडी बसवा. सकाळी पहिली मोठी शी झाल्यावर, खाण्याआधी, रोज वजन आणि ते वहीत लिहायचं. मोठा ग्रे साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतो, पण आपल्या पक्ष्याचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा.

४. दोन-तीन दिवसात डॉक्टरकडे पहिली तपासणी, विष्ठा आणि क्लॅमिडियाची टेस्ट. हा आजार माणसालाही होतो, ताप आणि न्यूमोनियासारखा, तेव्हा टाळू नका.

इशारा: पक्षी आजार लपवतो. वजन १० टक्के उतरलं, पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला, दिवसा पिसं फुगवून डोळे मिटायला लागला, तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

## पायरी ८: खाणं बदलणं

ही पायरी लोक आठ दिवसात उरकायला जातात आणि फसतात. बहुतेक ग्रे सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेले असतात. त्या बियांमध्ये तेल भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाही, आणि ग्रेला कॅल्शियम कमी पडलं की त्याला थेट फिट येतात. भुईमुगाच्या शेंगा पण नको, त्यांच्यावरची बुरशी दिसत नाही तरी असते आणि बुरशीचा फुफ्फुसाचा आजार ग्रेला लवकर धरतो.

जायचंय कुठे तर, निम्म्याहून जास्त पेलेट (पोपटांसाठी तयार मिळणारं गोळ्यांसारखं खाणं), उरलेल्यात भाज्या आणि कडधान्यं, फळ थोडं, बिया फक्त बक्षीस म्हणून.

१. पहिले दहा दिवस सकाळी भूक लागलेली असताना आधी भाजी ठेवा, तासाभराने नेहमीच्या बिया. गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मक्याचं कणीस, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला. पहिले काही दिवस तो वाटी उलटी करेल, करू दे.

२. तुम्ही त्याच्यासमोर तेच खा. खरंच खा, नाटक नको. आमच्याकडे बंड्याने गाजराला तीन आठवडे हात लावला नव्हता, माझी मुलगी समोर बसून कुरूमकुरूम खायला लागली तेव्हा पिंजऱ्याच्या गजांना चोच लावून मागायला लागला.

३. भाजी खायला लागला की तिच्यात पेलेटचा चुरा मिसळा, मग आख्खे पेलेट, आणि दर आठवड्याला बियांची वाटी थोडी खाली आणा. पूर्ण बदलाला दोन-तीन महिने लागू शकतात.

इशारा: "उपाशी ठेवला की खाईल" हे पक्ष्याला लागू होत नाही. वजन उतरलं की एक पायरी मागे या.

अजिबात न द्यायचं: ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, दारू, सफरचंदाच्या बिया, आणि आपल्या घरात सगळ्यात जास्त दिलं जातं ते, चहात बुडवलेलं बिस्किट, वेफर्स, फरसाण. आजोबा लोकांवर लक्ष ठेवा. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं, रोज नको. मिरची खुशाल द्या, पक्ष्याला तिखट लागतच नाही.

## पायरी ९: हातावर घेणं

पक्ष्याला धरायचं नाही, त्याने यायचं असतं. एक आईस्क्रीमची काडी घ्या, गजांबाहेरून दाखवा, तिला चोच लावली की लगेच "शाब्बास" आणि एक सूर्यफुलाची बी. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, बस. काडीमागे तो चालायला लागला की पिंजऱ्याचं दार उघडून तीच काडी आपल्या हाताच्या पलीकडे धरा, काडी गाठायला त्याला हातावर पाय ठेवावा लागतो. त्या क्षणी "ये" म्हणा. दोन-चार आठवडे लागतील.

चावला तर ओरडू नका आणि झटकन हात मागे घेऊ नका, त्याला दोन्हीची मजा येते. शांतपणे खाली ठेवा आणि मिनिटभर पाठ फिरवा. चावण्याआधी तो सांगतो बरं का, बुबुळं लहानमोठी होतात, मानेची पिसं उभी राहतात, अंग ताठ होतं, आपलंच लक्ष नसतं. कुरवाळायचं ते डोकं आणि मान, पाठीवरून हात फिरवला की वयात आलेला पक्षी आपल्याला जोडीदार समजतो आणि मग घरातल्या बाकीच्यांवर धावून जातो.

थांबा: पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने म्हणा, पंखा बंद, खिडकी बंद, बादलीवर झाकण. छताचा फिरता पंखा हा घरातल्या पक्ष्याचा मोठा शत्रू. पंख कापून टाकायचा सोपा उपाय लोक सुचवतात, पण ग्रे अंगाने जड, पंख कापलेलं पिल्लू दगडासारखं पडतं आणि छातीचं हाड फुटतं.

## पायरी १०: बोलणं

आता ज्यासाठी सगळे पक्षी आणतात ते. मिरची घातली की बोलतो, जिभेला अमुक चोळलं की बोलतो, हे सगळं सोडा. आवाज जिभेतून निघत नाही, छातीत श्वासनलिकेला फाटे फुटतात तिथल्या सिरिंक्समधून निघतो. जिभेला काही करणं हा निव्वळ छळ आहे.

दुसरी चूक म्हणजे मोबाईलवर "मिठू मिठू" लूपवर लावून ऑफिसला जाणं. शब्दाला काही अर्थ चिकटलेला असेल तर ग्रे तो लवकर उचलतो. पाणी बदलताना "पाणी", दिवा घालवताना "चला झोपू", दाराबाहेर पडताना "येते हं". रोज तेच शब्द, तोच सूर.

याहून चांगली युक्ती दोन माणसांची. एकाने पेरूची फोड हातात धरून दुसऱ्याला विचारायचं, "हे काय?" दुसरा म्हणतो "पेरू", लगेच त्याला फोड मिळते, तो आनंदाने खातो. मग भूमिका बदलायच्या. पक्षी बघत असतो आणि त्याचा जीव जळतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग बाईंनी अलेक्स नावाच्या ग्रेला असंच शिकवलं होतं, २००७ मध्ये तो गेला तोवर शंभरावर शब्द त्याला येत होते. आपल्याला शंभर नकोत, पाच पुरे.

वर्षाच्या आत नीट शब्द आला नाही तर घाबरू नका, बरेच ग्रे वर्ष-दीड वर्षाने तोंड उघडतात, आधी संध्याकाळी एकटे पुटपुटतात. आणि काही आयुष्यभर शिट्ट्याच मारतात, तेही धरून चाला. तो काय उचलेल हे आपल्या हातात नाही. बंड्याचा पहिला शब्द "कृपया लिफ्ट का दरवाजा बंद करें", तोही त्या लिफ्टवाल्या बाईच्याच आवाजात. नंतर कुकरची शिट्टी. सासूबाईंनी एकदा चार शिट्ट्या मोजून गॅस बंद केला, डाळ कच्चीच, त्यातल्या दोन बंड्याच्या होत्या. आता त्या टायमर लावतात. तेव्हा भांडणं आणि शिव्या दुसऱ्या खोलीत करा, कारण पाहुण्यांसमोर त्या तुमच्याच आवाजात परत येतील.

किंचाळण्याबद्दल एवढंच, खोलीबाहेर गेल्यावर तो हाका मारतो ती कळपाची हाक असते. एक ठरलेली शिट्टी ठेवा आणि तिलाच उत्तर द्या, किंचाळलं की उत्तर नाही. "ए गप रे" म्हणून धावत आलात की तो जिंकला. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

## पायरी ११: पावसाळा, धूर, दिवाळी

सकाळचं कोवळं ऊन वीस-पंचवीस मिनिटं, काचेतून नाही, कारण काच हवे ते किरण अडवते. जाळी असलेल्या बाल्कनीत, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत, आणि तुम्ही शेजारी. जून ते सप्टेंबर इकडे सूर्यच दिसत नाही, तेव्हा पक्ष्यांसाठीचा यूव्हीबी दिवा (उन्हातले तेच किरण देणारा) लावा आणि कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारा. पेलेट-बिया हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये, ओलं खाणं दोन तासात बाहेर. अंघोळ मात्र पावसाळ्यातही, आठवड्यातून तीनदा स्प्रेने साधं पाणी, दुपारच्या आधी, म्हणजे रात्रीपर्यंत सुकतो.

पालिकेची डासांची धूरफवारणी गल्लीत आली की आवाज ऐकताच खिडक्या बंद आणि पक्षी आतल्या खोलीत. दिवाळीत पण तेच, तीन बाजूंनी चादर, मंद दिवा चालू. पूर्ण अंधारात फटाका वाजला की तो पिंजऱ्यात धडका घेतो आणि पिसं मोडून रक्त येतं.

## पायरी १२: उडून गेला तर

हे आत्ताच तयार ठेवा, तेव्हा सुचत नाही. फोनमध्ये रिंग नंबर, दोन स्पष्ट फोटो, आणि त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग.

१. दिसेनासा होईपर्यंत नजर सोडू नका, एकाने खाली पळायचं, एकाने गच्चीवर.

२. उंच झाडावर बसला असेल तर दगड, पाण्याचा पाईप, आरडाओरडा काही नको. घरात वाढलेल्या पक्ष्याला वर उडता येतं, उंचावरून खाली उतरायला तो घाबरतो, म्हणून वेळ लागतो.

३. त्याचा पिंजरा त्याला दिसेल असा गच्चीवर ठेवा, वाटीत आवडीचं खाणं, आणि आपली ठरलेली शिट्टी. रेकॉर्डिंग अधूनमधून लावा. गच्चीवर फक्त घरचीच माणसं.

४. अंधार पडला की तो जागचा हलत नाही. जागा लक्षात ठेवा आणि पहाटे उजाडायच्या आधी तिथे पोचा, भूक लागलेली असते आणि कावळे जमायच्या आत त्याला उतरवायचं असतं.

५. वॉचमन, भाजीवाले, आजूबाजूच्या सोसायट्या, पक्ष्यांचे डॉक्टर सगळ्यांना फोटो पाठवा. रिंग नंबरातले शेवटचे दोन आकडे मात्र कोणाला सांगू नका, "माझ्याकडे सापडलाय, आधी पैसे पाठवा" असे फोन येतात, आणि त्यांना तेच दोन आकडे विचारायचे असतात.